काचेवर अडखळणारा वायपर

मृगाची चाहूल लागली की पुण्याच्या व्यापारी पेठांत एक ठरलेली लगबग सुरू होते. गुदामांतील पोती जमिनीवरून उचलून लाकडी फळ्यांवर चढविली जातात, ताडपत्र्या उलगडून त्यांची छिद्रे सांधली जातात, दुकानाच्या पन्हाळीत अडकलेला पालापाचोळा काढला जातो. घरोघरी वाळवणाचे पापड डब्यांत बंद होतात आणि छत्र्यांच्या काड्या तपासल्या जातात. या साऱ्या तयारीत एक वस्तू मात्र हमखास विसरली जाते, ती म्हणजे मोटारीच्या पुढच्या काचेवरील रबराच्या दोन पट्ट्या. मग एके संध्याकाळी पहिली सर येते, चालक वायपर सुरू करतो आणि काचेवर सरसर फिरायला हवी ती पट्टी थरथरत, उड्या घेत, कर्कश आवाज करीत सरकू लागते. प्रत्येक उडीच्या जागी पाण्याची एक उभी रेघ मागे राहते आणि समोरच्या गाडीचा दिवा त्या रेघांतून फुटून साऱ्या काचेवर पसरतो.

यावर बहुतेक घरांत एकच उपाय केला जातो, आणि तो म्हणजे नवे ब्लेड. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने रांगेने आहेत; ब्लेड मिळण्यास अडचण पडत नाही. परंतु पुष्कळदा असे घडते की, नवे ब्लेडही आठ-दहा दिवसांत तसेच अडखळू लागते. मग दोष मालाला दिला जातो, त्याहून महाग ब्लेड आणले जाते आणि तेही थोड्याच दिवसांत थरथरू लागते. कोणताही जाणता व्यापारी तूट दिसली म्हणून लगेच नवी वही घालीत नाही. आधी जुन्या वहीतली बेरीज तपासतो. वायपरच्या बाबतीतही तपासणीचा एक क्रम आहे. आधी काच, मग रबर, नंतर दांडी आणि सर्वांत शेवटी खरेदी. पहिल्या दोन पायऱ्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि बहुतेक वेळा काम तेथेच भागते.

उडी का बसते?

रबर आणि काच यांचे नाते थोडे विचित्र आहे. स्थिर असलेले रबर जागेवरून हलविण्यास जितका जोर लागतो, त्यापेक्षा ते सरकू लागल्यावर पुढे ढकलण्यास कमी जोर पुरतो. काच स्वच्छ आणि ओली असेल तर दोहोंच्या मध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि रबर त्यावरून अलगद जाते. काच मळकट वा अर्धवट कोरडी असेल तर रबराची धार क्षणभर काचेला चिकटून बसते. मोटर मात्र दांडी ओढीतच असते. ताण वाढतो, रबर वाकते आणि एकदम सुटून पुढे उडी घेते. पुन्हा चिकटते, पुन्हा सुटते. हे एका फेरीत अनेकदा घडते. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही हेच चिकटणे आणि सुटणे चाललेले असते. तेथे त्यातून सूर निघतो, काचेवर मात्र कर्कश खरखर निघते. फळ्यावर खडू किंचाळतो त्याचेही कारण हेच.

येथे पुण्याच्या पावसाचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. सह्याद्रीच्या पलीकडे मुंबईवर पाऊस कोसळतो. घाटमाथ्यावर लोणावळ्याला वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून साठ-पासष्ट किलोमीटरवर, पर्जन्यछायेत वसलेल्या पुणे शहराच्या वाट्याला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर येतो, आणि त्यातला पुष्कळसा भुरभुरीचा असतो. मुसळधार पावसात मळकट काचेवरही इतके पाणी असते की रबर कसेबसे सरकते. भुरभुर पावसात मात्र वायपरची एक फेरी होताच काच निम्मी कोरडी पडते. पूर्ण ओली नाही आणि पूर्ण कोरडीही नाही, अशा दमट काचेवर रबर सर्वाधिक चिकटते. म्हणूनच घाटात मुकाट्याने चालणारा वायपर शहरात शिरताच कुरकुरू लागतो. बिघाड आधीपासूनच असतो. जोराच्या पावसाने तो झाकलेला असतो इतकेच.

आधी काच

तुपाचे भांडे नुसत्या पाण्याने विसळले तर पाणी त्यावर पसरत नाही, त्याचे मणी होऊन राहतात. काचेचीही नेमकी हीच परीक्षा करावी. गाडी सावलीत उभी करून काचेवर स्वच्छ पाणी ओतावे. पाण्याचा एकसंध पडदा खाली उतरला तर काच स्वच्छ समजावी. ठिकठिकाणी पाणी फाटून थेंब जमले तर काचेवर तेलकट थर आहे असे जाणावे.

हा थर येतो कोठून? पुढच्या वाहनांचा, विशेषतः डिझेलच्या गाड्यांचा धूर हे एक कारण. रस्त्यावरून उडणारे तेलमिश्रित पाणी हे दुसरे. झाडाखाली उभ्या गाडीवर गळणारा चिकट रस हे तिसरे. पण सर्वांत दुर्लक्षित कारण सोसायटीच्या आवारात रोज सकाळी घडते. गाड्या पुसणारा माणूस एकाच फडक्याने एकामागून एक अनेक गाड्या पुसतो. त्याच फडक्याने चाके, त्यानेच पॉलिश केलेला पत्रा आणि शेवटी त्यानेच काच. पत्र्यावरचे मेण आणि डॅशबोर्ड चकचकीत करणाऱ्या द्रवातील सिलिकॉन असे करून काचेवर येते. काच वरकरणी लखलखीत दिसते, परंतु रबराच्या दृष्टीने ती तुपाच्या भांड्यासारखीच असते. काचेसाठी वेगळे फडके ठेवणे आणि ते इतर कशालाही न वापरणे, एवढ्या एका नियमाने निम्मा त्रास वाचतो.

थर काढण्यासाठी प्रथम भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे चार-सहा थेंब पाण्यात मिसळून मऊ स्पंजने सारी काच धुवावी आणि भरपूर पाण्याने निथळावी. पुन्हा पाण्याची परीक्षा करावी. तरीही मणी दिसले तर औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घेऊन काच पुसावी. हा द्रव लगेच पेट घेतो, म्हणून इंजिन थंड असताना, ज्योतीपासून दूर आणि मोकळ्या हवेत हे काम करावे. तो रंगावर सांडू देऊ नये.

काचेवर पांढरट ठिपके असतील तर तो क्षारांचा दोष होय. उपनगरांतील अनेक सोसायट्यांत गाड्या बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने धुतल्या जातात. हे पाणी बहुधा जड असते आणि उन्हात वाळताना क्षार मागे ठेवते. साबणाने ते जात नाहीत. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व चमचाभर घेऊन पेलाभर पाण्यात विरघळवावे, त्यात फडके भिजवून काही मिनिटे ठिपक्यांवर ठेवावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. हे आम्ल पत्र्यावर वा धातूच्या पट्टीवर राहू देऊ नये. तारेचा काथ्या किंवा घासणी काचेला कदापि लावू नये. तिचे सूक्ष्म ओरखडे कायमचे राहतात आणि रात्री प्रत्येक दिव्याभोवती वलय उमटवितात.

काच धुवूनही धूसरच दिसत असेल तर बोटाने आतून पुसून पाहावे. आतल्या बाजूला साचलेले बाष्प हा वायपरचा दोष नव्हे. त्यासाठी एसीचा झोत काचेकडे वळविणे हाच उपाय.

मग रबर

काचेनंतर रबराची पाळी. पुण्यात ऑक्टोबर ते मे असे जवळजवळ आठ महिने वायपर स्वस्थ बसलेला असतो. एप्रिलमध्ये शहराचे तापमान ४० अंशांपर्यंत चढते आणि उन्हात उभ्या मोटारीची काच त्याहून किती तरी तापते. सूर्यकिरण आणि हवेतील ओझोन यांनी रबर हळूहळू कडक होते. शिवाय धार महिनोन्महिने एकाच बाजूला दुमडून राहिल्याने तिला तोच बाक पडतो. नीट चालणाऱ्या वायपरमध्ये रबराची बारीक धार नेहमी दांडीच्या मागून ओढली जाते आणि प्रत्येक वळणावर दुसऱ्या बाजूला पालटते. बाक पडलेली धार पालटत नाही. मग एका दिशेने ती ओढली जाते आणि दुसऱ्या दिशेने काचेत रुतत ढकलली जाते.

तपासणीसाठी दांडी हळूच उभी करावी. काही गाड्यांत ती बॉनेटच्या कडेखाली लपलेली असते. तेथे जोर न करता गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या रीतीने ती वर आणावी. ओल्या पांढऱ्या फडक्याने रबराची धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसावी. पहिल्या खेपेस फडके काळे होईल. काळेपणा जवळजवळ थांबेपर्यंत पुसत राहावे. नंतर बोटाने धार चाचपावी. ती मऊ व सलग लागली आणि वाकवल्यावर पुन्हा सरळ झाली तर रबर चांगले आहे. ती टणक, चिरलेली, दातेरी किंवा एकाच अंगाला कललेली असेल तर तिचे आयुष्य संपले आहे असे समजावे.

काही ठिकाणी रबराला खोबरेल तेल चोळण्याची किंवा बारीक पॉलिश-कागदाने धार घासण्याची रीत दिसते. दोन्ही टाळावे. तेलाने दोन दिवस आवाज थांबतो, पण तोच तेलकट थर पुन्हा काचेवर चढतो. कारखान्यात नेमकी कापलेली धार कागदाने घासली की ती खडबडीत होते आणि रेघा वाढतात. पेट्रोल आणि रॉकेल तर रबराचे वैरीच.

नंतर दांडी

काच स्वच्छ आहे आणि रबरही ठीक आहे, तरी थरथर थांबत नाही, अशा वेळी ध्यान देऊन ऐकावे. आवाज जाताना येतो की परतताना? दोन्ही दिशांनी येत असेल तर बहुधा काच किंवा रबर यांकडेच पुन्हा पाहावे लागते. एकाच दिशेने येत असेल आणि रबराला बाक नसेल, तर दांडी पिरगळलेली असण्याचा संभव मोठा. गाडी धुणाऱ्याने दांडी वेडीवाकडी ओढली, किंवा आच्छादन काढताना कापड तिच्यात अडकले, की हे होते.

ओल्या काचेवर वायपर सुरू करून तो मध्यावर आला की चावी बंद करावी, म्हणजे तो तेथेच थांबेल. बाजूने वाकून पाहावे. ब्लेड काचेशी काटकोनात उभे दिसले पाहिजे. ते एका अंगाला झुकलेले असेल तर दांडी किंचित पिळून सरळ करावी लागते. हे काम अनुभवी मेकॅनिककडून करून घेणेच बरे, कारण त्यात अंदाज महत्त्वाचा असतो आणि जोर जास्त झाला तर दांडीच वाया जाते. त्याच वेळी दांडीच्या बुडाचा नट घट्ट आहे का, स्प्रिंग ढिली पडली आहे का आणि खालच्या सांध्यांत खेळ आला आहे का, हेही पाहून घ्यावे. ब्लेडचा एखादाच भाग काच पुसत नसेल तर पट्टी वाकलेली असते किंवा दाब कमी पडलेला असतो.

एक सावधगिरी अतिशय महत्त्वाची आहे. ब्लेड काढल्यावर नुसती लोखंडी दांडी उभी ठेवू नये. ती स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटली तर एका क्षणात काच तडकते आणि थोडक्या पैशांचे काम हजारोंच्या घरात जाते. म्हणून ब्लेड काढण्यापूर्वी काचेवर जाड टॉवेलची घडी अंथरावी.

खरेदी सर्वांत शेवटी

वायपरची मूळ कल्पना एका स्त्रीची, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेरी अँडरसन न्यूयॉर्कला गेल्या असताना त्यांना दिसले की, हिमवर्षावात ट्रामचा चालक समोर पाहता यावे म्हणून काच उघडून थंडीत कुडकुडत गाडी हाकीत आहे. त्यांनी आतून हाताने फिरविता येईल अशी रबरी धारेची पट्टी योजिली आणि १९०३ साली तिचे पेटंट मिळविले. एका कंपनीला त्यांनी ते विकू केले, तेव्हा या वस्तूला व्यापारी मोल नाही असे उत्तर आले. पेटंटची मुदत संपून गेली आणि नंतर जगातील प्रत्येक मोटारीवर ती पट्टी बसली. आज आपल्याकडेही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ अन्वये पुढची काच असलेल्या वाहनाला कार्यक्षम वायपर असणे बंधनकारक आहे.

नवे ब्लेड घेताना जुन्याची लांबी मोजून न्यावी. चालकाच्या बाजूचे आणि शेजारचे ब्लेड बहुधा वेगवेगळ्या लांबीचे असते. जोडणीचा हूकही गाडीगणिक बदलतो, म्हणून जुने ब्लेड सोबत नेणे सर्वांत सोपे. सांगाडा चांगला असेल तर काही ब्लेडना नुसते रबर बदलून मिळते. त्यात पैसाही वाचतो आणि टाकाऊ वस्तूही कमी होते. दोन्ही बाजूंचे रबर एकाच वेळी बदलावे. खरेदीसाठी मे महिन्याची अखेर योग्य. जानेवारीत बदललेले रबर पावसाला सामोरे जाण्यापूर्वी सारा उन्हाळा सोसते. आणि नवे ब्लेड बसविण्याआधी काच धुतलेली असलीच पाहिजे, नाही तर पहिल्याच दिवशी नवी धार जुन्या मळावर झिजू लागते.

फवाऱ्याच्या टाकीचीही आठवण ठेवावी. तिच्यात तयार वॉशर द्रव किंवा स्वच्छ, मऊ पाणी घालावे. घरात पाणी गाळून घेण्याची सवय आहे, ती येथेही उपयोगी पडते, कारण गाळाचा एखादा कण फवाऱ्याचे सुईसारखे छिद्र बुजवितो. कपडे धुण्याची पूड टाकीत घालू नये; ती वाळून काचेवर थर धरते. धुळीने भरलेल्या कोरड्या काचेवर वायपर कधीही चालवू नये. आधी फवारा, मग फेरी, हा क्रम मोडला की धुळीचे कण रबराखाली भरडले जाऊन काचेला ओरखडे पडतात.

रस्त्यावरचा माणूस

इतक्या लहानशा वस्तूसाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटण्याचा संभव आहे. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. सावकाश चालणारा वायपर मिनिटाला साधारण ४५ वेळा जाऊन परत येतो, म्हणजे एका पुसण्यापासून दुसऱ्या पुसण्यापर्यंत गाडी जवळजवळ १५ मीटर गेलेली असते. एक फेरी रेघा ठेवून गेली तर तेवढे अंतर चालक अंदाजाने कापतो. रात्री, समोरून दिवे येत असता आणि खंडाळ्याच्या घाटात धुके उतरलेले असता, हा अंदाज चुकण्यास क्षणही पुरतो.

शिवाय पुण्यातील पावसाचे पहिले आठवडे हे रस्त्यावरून पायी चालणाऱ्यांचे दिवस असतात. ज्येष्ठ संपत येतो तेव्हा देहू आणि आळंदीहून निघालेल्या पालख्या नाना आणि भवानी पेठेत मुक्काम करून पुढे निघतात. एक दिवे घाट चढते, दुसरी सोलापूर रस्ता धरते, आणि वारकऱ्यांच्या रांगा मैलोगणती पसरतात. त्याच सुमारास साधु-साध्वीजी चातुर्मासाचे स्थान गाठण्यासाठी विहार करीत असतात. भल्या सकाळच्या करड्या उजेडात, भुरभुर चालू असता, महामार्गाच्या कडेने जाणारी शुभ्र वस्त्रांतील पावले रेघांनी भरलेल्या काचेतून चालकाला वेळेवर दिसतीलच असे नाही. जीवमात्राला इजा होऊ नये म्हणून जपून पाऊल टाकण्याची शिकवण ज्या घरांत आहे, त्या घरांतील गाडीच्या काचेलाही तीच शिकवण लागू पडते.

यात घरच्या मोटारीपेक्षा दुकानाच्या टेम्पोचा विचार आधी व्हावा. मालाची गाडी पहाटे मार्केट यार्डात पोहोचायची असते, चालक पगारी असतो, आणि वायपर थरथरतो हे सांगितले तर मालकाला खर्च सांगितल्यासारखे होईल म्हणून तो पुष्कळदा गप्प राहतो. काचेला फडके बांधून किंवा खिडकीतून हात बाहेर काढून पुसत तो वेळ मारून नेतो. त्याने बोलावे याची वाट न पाहता मालकानेच मेच्या अखेरीस एकदा विचारावे, काचेवर पाणी ओतून पाहावे, रबराची धार स्वतःच्या बोटाने चाचपावी. त्यासाठी अर्धा तास पुरतो. साबण, फडके, थोडे लिंबूसत्त्व आणि गरज पडलीच तर रबराची एक जोडी, एवढाच त्याचा खर्च. गुदामातील पोती फळ्यांवर चढविताना जी दूरदृष्टी वापरली जाते, तिचा थोडा अंश त्या पोत्यांची ने-आण करणाऱ्या माणसासाठीही राखून ठेवला पाहिजे.